जे दिसत नाही, तेही लिहा

(दहावी १९९४ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर विषय दिला होता, 'संगणक क्षेत्रातील संधी'. मी हो म्हटलं आणि मग लक्षात आलं, की आपल्यातल्या निम्म्या जणांची मुलं त्याच क्षेत्रात आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी परस्पर विषय बदललाय. मी आज एका समुद्री गोगलगायीबद्दल बोलणार आहे. मागच्या रांगेत हसू फुटलेलं दिसतंय. हसा. तीस वर्षांत तेवढं तरी बदललं नाही, हे बघून बरं वाटलं.

हा तिचा शंख. हातोहात फिरवते, सगळ्यांनी बोट लावून बघा. फक्त परत द्या. आमच्या वेळी मागच्या रांगेत गेलेला कंपास कधी पुढे आला नव्हता.

सुपारीपेक्षा थोडासा मोठा, मळकट पांढरा, एक तपकिरी पट्टा. आपल्या किनाऱ्यावर लहानपणी आपण वेचलेले गुळगुळीत, ठिपक्याठिपक्यांचे शंख आठवलेत तर हा अगदीच गरीब वाटेल. याला इंग्लंडमध्ये डॉग व्हेल्क म्हणतात. शास्त्रीय नाव न्यूसेला लॅपिलस. लॅपिलस म्हणजे लॅटिनमध्ये लहानसा खडा. १७५८ मध्ये लिनिअसने हे नाव दिलं, आणि नाव देताना त्याने फार उत्साह दाखवला असं काही वाटत नाही.

ही गोगलगाय उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातली. युरोपच्या आणि अमेरिकेच्या, दोन्ही काठांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या कातळावर राहते. काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कामासाठी मी आठ महिने इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, प्लिमथला होते. शनिवार-रविवार करायला काही नसायचं. जवळच वेम्बरी नावाचा किनारा आहे. तिथे ओहोटीला कातळ उघडे पडतात आणि खळग्यांत पाणी राहतं. कोकणातल्या माणसाला असा कातळ दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. थंडी मात्र अशी, की कानटोपी घालून खळग्यात डोकावायचं.

तिथे हा प्राणी मी पहिल्यांदा बघितला. दिसायला संथ, पण शिकारी. होड्यांच्या तळाला आणि कातळाला जे पांढरे, धारदार, पायाला कापणारे बार्नेकल चिकटलेले असतात, ते आणि शिंपले हे तिचं खाणं. शिंपल्यावर बसायचं, एक स्राव सोडून कवच मऊ करायचं, जिभेच्या कानशीने खरवडायचं, पुन्हा स्राव, पुन्हा खरवड. एका शिंपल्याला भोक पाडायला कधी कधी दोन दिवससुद्धा लागतात. शिंपलेही गप्प बसत नाहीत. ते आपल्या चिवट धाग्यांनी तिला कातळाला बांधून टाकतात आणि ती तिथेच उपाशी मरते. हे वाचलं तेव्हा मला आपल्या वर्गातल्या मुलींनी एका खोडकर मुलाची पिशवी बाकाला बांधून ठेवली होती, ते आठवलं. तो मुलगा आज पोलीस खात्यात आहे आणि समोरच बसलाय.

आता शंखाकडे या. शंख गोगलगाय बाहेरून विकत आणत नाही, अंगातून चुना पाझरून बनवते. आणि वाढ फक्त तोंडाच्या कडेला होते. म्हणजे वरचं टोक सगळ्यात जुनं. ते टोक ती अंड्याच्या कुपीतून बाहेर पडली तेव्हाचं आहे. पुढचं सगळं आयुष्य त्याच्याभोवती वेढा घालत गेलं. खेकड्याने कड मोडली तर ती दुरुस्त होते, पण सांधा दिसत राहतो. माझ्या व्यवसायात आम्ही यंत्रात काय काय घडलं त्याची नोंदवही ठेवतो. तिच्यात खाडाखोड करायची नाही, फक्त पुढे लिहीत जायचं, असा नियम असतो. शंख ही तशी नोंदवही आहे.

ती वाचताही येते. लाटा जिथे जोरात आपटतात त्या कातळावरचे शंख आखूड आणि मोठ्या तोंडाचे. तोंड मोठं म्हणजे पाय मोठा, कातळाला पकड घट्ट. शांत खाडीतले शंख लांबट, जाड आणि अरुंद तोंडाचे, कारण तिथे भीती लाटेची नाही, खेकड्याची. अरुंद तोंडात त्याचे डेंगे शिरत नाहीत. जात एकच, पण शंख हातात घेतला की ही कुठल्या गल्लीत वाढली ते कळतं. आपल्यासारखंच.

इथे एका माणसाची गोष्ट सांगते, कारण समोर आमचे शिक्षक बसले आहेत. गेराट व्हर्मे नावाचे एक शास्त्रज्ञ आहेत. जन्म १९४६, नेदरलँड्स. तीन वर्षांचे असताना दृष्टी पूर्ण गेली. नंतर कुटुंब अमेरिकेत न्यू जर्सीला आलं. तिथे चौथीच्या वर्गात त्यांच्या बाईंनी फ्लोरिडाहून आणलेले शंख खिडकीच्या कट्ट्यावर मांडले. या मुलाने ते चाचपले. नेदरलँड्सच्या थंड समुद्राचे शंख त्याला माहीत होते, खडूसारखे, खरखरीत, साधे. हे फ्लोरिडाचे मात्र गुळगुळीत, कंगोऱ्यांचे, नक्षीचे. असं का? त्या एका 'का'मागे ते आयुष्यभर गेले. पुढे ते प्राध्यापक झाले, शंखांवर पुस्तकं लिहिली, १९९२ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळाली. सगळं काम बोटांनी. त्यांचं उत्तर थोडक्यात असं, की उबदार पाण्यात शंख बनवणं स्वस्त पडतं आणि तो फोडणारे शत्रूही जास्त असतात, म्हणून तिथे कवचाची अशी चढाओढ चालते. बाईंनी एवढंच केलं होतं, की शंख कपाटात न ठेवता खिडकीत ठेवले.

याच व्हर्मे यांनी १९८२ मध्ये आपल्या या डॉग व्हेल्कवरही एक काम प्रसिद्ध केलं. युरोपातला हिरवा खेकडा जहाजांबरोबर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गेला आणि विसाव्या शतकात उत्तरेकडे, मेनच्या आखातापर्यंत सरकला. संग्रहालयांत खेकडा येण्याआधीचे शंख होते आणि नंतरचेही होते. त्यांनी ते ताडून बघितले. खेकडा आल्यानंतरचे शंख जाड झालेले होते. पुढे दुसऱ्या संशोधकांनी प्रयोगही केले. टाकीत खेकडा दुसरीकडे कोंडून फक्त त्याच्या वासाचं पाणी या गोगलगायींना दिलं. त्या खायच्या कमी, वाढायच्या हळू, पण शंख जाड करायच्या. शत्रूचा नुसता वास पुरतो.

म्हणजे जो धोका कळतो त्याच्याशी ती लढू शकते. मला सांगायची आहे ती गोष्ट इथून पुढची. कळलाच नाही असा धोका.

होडीच्या तळाला बार्नेकल आणि शेवाळ चिकटलं की होडी जड होते, इंधन जास्त लागतं. आपल्याकडेही होड्या वर ओढून तळ खरवडताना आपण लहानपणी बघितलंय. १९६० च्या दशकापासून यावर एक रंग बाजारात आला. त्यात ट्रायब्युटिल टिन, म्हणजे टीबीटी नावाचं कथलाचं एक संयुग होतं. रंग उत्तम चालला. तळ वर्षानुवर्षं स्वच्छ. सगळे खूश.

१९७० मध्ये प्लिमथच्या खाडीतल्या डॉग व्हेल्क बघताना स्टीफन ब्लेबर नावाच्या संशोधकाला एक विचित्र गोष्ट दिसली. माद्यांच्या अंगात नराचा अवयव वाढलेला होता. कारण कळलं नाही. मग ऐंशीच्या दशकात प्लिमथच्याच सागरी प्रयोगशाळेतल्या ब्रायन आणि गिब्ज यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किनारा किनारा पिंजून काढला. बंदरं आणि होड्यांचे तळ जिथे जवळ, तिथे हा प्रकार जास्त. रंगातल्या टीबीटीमुळे मादीत नराची नळी वाढत जायची आणि अंडी बाहेर येण्याचा मार्गच बंद करायची. अंड्यांच्या कुप्या आत साठून मादी शेवटी मरायची. आणि हे व्हायला टीबीटी किती लागायचं? लिटरभर पाण्यात एक नॅनोग्रॅमच्या आसपास परिणाम सुरू. हिशेब करून सांगते. ऑलिंपिकचे चारशे तरणतलाव भरा आणि त्या सगळ्यांत मिळून एक ग्रॅम टाका. तेवढं.

इथे शंख कितीही जाड केला तरी उपयोग नव्हता. विष पाण्यातूनच येत होतं.

पण मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. ही गोगलगाय वर्षानुवर्षं जगते. त्यामुळे ज्या कातळांवर पिल्लं जन्मणं थांबलं होतं, तिथे बरीच वर्षं शंख दिसतच होते. येणाऱ्याजाणाऱ्याला कातळ भरलेला वाटायचा. सगळे शंख मोठे, जुने. लहान एकही नाही. हे कुणी गोगलगाय सांगणार नव्हती. त्यासाठी कुणीतरी थंडीत गुडघ्यावर बसून, एकेक शंख मोजून, मापून विचारायला हवं होतं, की लहान शंख कुठे गेले?

बाई, हे वाचताना मला तुम्ही आठवलात. आठवीत तुम्ही आम्हाला ओहोटीला कातळावर नेलं होतं. सुतळीचा एक चौकोन दिला होता. तो खडकावर ठेवायचा आणि त्यात काय काय आहे ते वहीत मोजून लिहायचं. आमचं लक्ष कालवं फोडणाऱ्या बायकांकडे आणि डब्यातल्या पोह्यांकडे. तुम्ही म्हणालात, दिसलं ते लिहा. आणि असायला हवं होतं पण दिसलं नाही, तेही लिहा. आम्ही दुसरं वाक्य वहीत घेतलं नाही, कारण ते परीक्षेत येणार नव्हतं.

ते वाक्य माझ्या परीक्षेत आलं, वीस वर्षांनी. मी आणि माझ्या गटाने बायकांसाठीच्या एका योजनेच्या अर्जांची प्रणाली केली होती. त्यातल्या एका रकान्यात वडिलांचं किंवा पतीचं नाव सक्तीचं होतं. ती ओळ मी लिहिली होती. तो रकाना रिकामा ठेवला की पुढचं बटण दाबलं जायचं नाही, आणि का दाबलं जात नाही ते पडद्यावर यायचंही नाही. तीन महिन्यांत एकही तक्रार आली नाही. बैठकीत मी अभिमानाने सांगितलं, तक्रारी शून्य. मग एकदा एका अर्ज केंद्रावर दिवसभर बसायचा योग आला. एक बाई आली, त्या रकान्यापाशी थांबली, भरणाऱ्या मुलाकडे बघितलं, कागद पिशवीत घातले आणि निघून गेली. तिने तक्रार केली नाही. तिला वाटलं, चूक आपलीच असणार. अशा किती गेल्या असतील, मला आजही सांगता येणार नाही, कारण जे अर्ज पूर्ण झालेच नाहीत त्यांची मी नोंदच ठेवली नव्हती. ओळ मी त्याच रात्री बदलली. पण तीन महिने माझा कातळ मला भरलेला दिसत होता.

गोगलगायीचं पुढे काय झालं ते सांगते. फ्रान्समध्ये आर्काशोंच्या उपसागरात याच रंगामुळे कालवांची शेती कोसळली होती. कालवं विकली जातात, म्हणून तिथे आवाज लवकर झाला, आणि १९८२ मध्ये लहान होड्यांवर या रंगाला बंदी आली. ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये आली. जगभरच्या जहाजांसाठीचा करार २००१ मध्ये झाला आणि १७ सप्टेंबर २००८ रोजी लागू झाला. बंदीनंतर गोगलगायी परत यायला लागल्या, पण हळूहळू. कारण हिची पिल्लं इतर समुद्री जिवांच्या पिल्लांसारखी पाण्याबरोबर वाहत जात नाहीत. कातळाच्या फटीत गव्हाच्या दाण्यांसारख्या पिवळसर कुप्या असतात. एकेका कुपीत शेकडो अंडी, त्यातली बहुतेक बाकीच्यांचं अन्न होतात, आणि शेवटी वीस-तीस पिल्लं चालत बाहेर पडतात. एकदा रिकामा झालेला कातळ शेजारच्या कातळावरून सरपटत सरपटतच भरायचा. त्याला वर्षं लागतात. वेम्बरीला मी बघितले तेव्हा लहानमोठे सगळे शंख होते. मटारच्या दाण्याएवढेसुद्धा. बाई, मी ते मोजले. सुतळी नव्हती, ओढणीचा चौकोन केला.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी मी विषय बदलला.

या मेळाव्यासाठी पत्ते गोळा करताना आपण दहावीची यादी घेतली. सत्तेचाळीस नावं. त्यातले एकेचाळीस जण आलेत, उरलेल्यांचे फोन आले. सगळे म्हणाले, वा, काय भरघोस उपस्थिती! मीही म्हटलं. मग रात्री मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन आपला आठवीचा हजेरीपट मागितला. लिपिकांनी धूळ झटकून काढून दिला, त्यांचे आभार. त्यात अठ्ठावन्न नावं आहेत.

अकरा जण कुठे गेले?

काहींच्या वडिलांच्या बदल्या झाल्या, ते सोडा. पण माझ्या बाकावर माझ्या डावीकडे बसणारी मुलगी नववीत दिवाळीनंतर आली नाही. बाई काही दिवस तिचा नंबर घ्यायच्या, कुणी हजर म्हणायचं नाही, मग पटावर लाल रेघ आली. मी सरकून बाकावर ऐसपैस बसले. तिचं घर माझ्या घरापासून वीस मिनिटांवर होतं. मी कधी विचारायला गेले नाही. गणिताची माझी वही तिच्याकडे राहिली, याचा मला राग मात्र आला होता. हे मी आज सगळ्यांसमोर सांगते आहे, कारण तीस वर्षं कुणालाच सांगितलेलं नाही.

गेल्या महिनाभरात आम्ही तिघी-चौघींनी मिळून अकरापैकी पाच जणांचे फोन मिळवले. त्यातले दोघे आज आपल्यात आहेत. आल्याबद्दल तुमचे आभार मानणं बरोबर नाही, इथे यायचा तुमचा हक्कच होता. आम्ही बोलावलं नव्हतं, एवढंच.

माझी बाकमैत्रीण आलेली नाही. फोनवर आधी ओळखेना. मग म्हणाली, "अगं, पण मी कुठे दहावी झाले? माजी विद्यार्थ्यांत मी कशी येऊ?" मी काय बोलणार? मग म्हणाली, आज बाजारचा दिवस आहे, मासळी सोडून येता येणार नाही, पुढच्या वेळी आठवडाभर आधी सांग. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तुझी वही होती बरीच वर्षं. पोरींनी वापरली."

माझी विनंती एकच आहे. पुढच्या मेळाव्याला यादी दहावीची घेऊ नका, आठवीच्या हजेरीपटाची घ्या. या स्मरणिकेच्या शेवटी आपली सत्तेचाळीस नावं छापली जाणार आहेत, तिथे अठ्ठावन्न छापा. ज्यांचा पत्ता नाही त्यांच्यापुढे जागा कोरी सोडा. कुणाला माहीत असेल तर भरतील. आणि आज शाळेत शिकवणारे जे शिक्षक इथे आहेत, त्यांना एवढंच सांगते, लाल रेघ मारायच्या आधी शेजारच्या बाकावरच्या मुलीला तिच्या घरी पाठवा. ती वीस मिनिटांवर राहत असेल.

शंख परत आला का? मागच्या रांगेत अडकलाय. असू दे. तो प्रयोगशाळेत ठेवायलाच आणला होता. फक्त कपाटात नको, खिडकीत ठेवा.